रॉकेट परत यावे म्हणून: मॉडेल रॉकेटची बांधणी, उड्डाण आणि शोध

मॉडेल रॉकेटच्या छंदातली खरी कसोटी उंचीची नसते. रॉकेट अखंड खाली आले का आणि त्याच दुपारी पुन्हा उडवता आले का, हे महत्त्वाचे असते. वर तर दिवाळीतला बाणही जातो. पण कागदाची नळी, बाल्सा या हलक्या लाकडाचे फिन (रॉकेट सरळ ठेवणारे पंख) आणि प्लॅस्टिकचा नोज कोन (टोकाचे नाक) एवढ्याच सामग्रीचे साठेक ग्रॅम वजनाचे रॉकेट दीडशे मीटर उंचीवर न्यायचे, तिथे ते दोन भागांत उघडायचे आणि पॅराशूटच्या आधाराने अलगद जमिनीवर उतरवायचे, यासाठी बांधणी, मोटरची (म्हणजे रॉकेटच्या बुडातल्या, दारू भरलेल्या इंजिनाची) निवड, वारा आणि पॅराशूटची घडी या सगळ्यांचा मेळ बसावा लागतो. त्यातले बरेचसे काम मैदानावर पोहोचण्याआधी, घरच्या टेबलावर गोंद वाळत असतानाच होऊन गेलेले असते. म्हणून इथे प्रत्येक टप्पा, रॉकेट परत कसे येईल या एकाच प्रश्नाच्या अंगाने सांगितला आहे.

हे मार्गदर्शन प्रामुख्याने अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आहे, कारण तयार मोटर आणि रॉकेटचे संच तिथे छंदसाहित्याच्या दुकानांत सहज मिळतात आणि शाळा, स्काउट किंवा स्थानिक क्लबच्या निमित्ताने आपली मुले या छंदाकडे वळतात. भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. दारू भरलेल्या मोटरचा व्यवहार भारतात विस्फोटक अधिनियम, १८८४ आणि त्याखालील नियमांच्या कक्षेत येतो. फटाक्यांतली दारू काढून किंवा रसायने आणून घरी मोटर बनवणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय ते जिवावर बेतू शकते. अमेरिकेतून येताना भाच्यापुतण्यांसाठी मोटर बॅगेत टाकण्याचाही मोह धरू नये, कारण विमानात ती हातातल्या सामानात चालत नाही आणि चेक-इन केलेल्या सामानातही चालत नाही. त्यांच्यासाठी शीतपेयाच्या बाटलीत पाणी आणि सायकलच्या पंपाने हवा भरून उडवायचे पाण्याचे रॉकेट उत्तम. फिन, स्थैर्य आणि पॅराशूट यांविषयी पुढे जे लिहिले आहे त्यातले पुष्कळसे त्यालाही लागू पडते.

तयार मोटरचा हा आग्रह छंदाच्या जन्मापासून आहे. नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावात ऑर्व्हिल कार्लाइल यांचे चपलाबुटांचे दुकान होते आणि शोभेच्या दारूकामाचा त्यांना नाद होता. १९५४ मध्ये त्यांनी भाऊ रॉबर्ट यांच्यासाठी कागदी नळीचे, बदलता येणाऱ्या मोटरचे आणि पॅराशूटने उतरणारे रॉकेट बनवले. १९५७ मध्ये व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र चाचणी केंद्रात काम केलेले अभियंते जी. हॅरी स्टाइन यांचा लेख एका मासिकात आला. धातूच्या नळ्यांत घरगुती मिश्रणे ठासून रॉकेट बनवणाऱ्या मुलांना होणाऱ्या अपघातांची त्यांना काळजी होती. तो लेख वाचून कार्लाइल यांनी त्यांना आपले रॉकेट पाठवले आणि त्यातून हा छंद आकाराला आला. पुढच्याच वर्षी व्हर्नन एस्टीज यांनी मोटर झटपट आणि एकसारख्या दाबून तयार करणारे यंत्र बनवले. उडवणाऱ्याने इंधनाला हात लावायचा नाही, ते कारखान्यातून सीलबंद आले पाहिजे आणि रॉकेटचे नाक, नळी आणि फिन धातूचे असता कामा नयेत, हे दोन नियम तेव्हापासून आजतागायत पाळले जातात आणि या छंदाच्या सुरक्षिततेचे सारे श्रेय त्यांनाच आहे.

मोटर वाचता आली पाहिजे

मोटरवर ‘सी६-५’ असे काहीसे छापलेले असते आणि या तीन चिन्हांत उड्डाणाचे सगळे वेळापत्रक असते. पहिले अक्षर एकूण आवेग, म्हणजे रेटा आणि तो टिकण्याचा वेळ यांचा गुणाकार, सांगते: ए वर्गाच्या मोटरचा आवेग २.५ न्यूटन-सेकंदांपर्यंत, बी चा ५ पर्यंत, सी चा १० पर्यंत आणि डी चा २० पर्यंत, म्हणजे प्रत्येक अक्षराला मर्यादा दुप्पट होते. मधला आकडा सरासरी रेटा न्यूटनमध्ये देतो. शेवटचा आकडा सर्वांत दुर्लक्षित आणि आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचा, कारण तो सांगतो, इंधन संपल्यावर किती सेकंदांनी पॅराशूट बाहेर फेकले जाईल.

मोटरच्या आत डोकावता आले तर खालून वर असा क्रम दिसेल: चिकणमातीचे नॉझल, दाबून घट्ट केलेली काळी दारू, मग सावकाश जळणारे विलंब-मिश्रण आणि अगदी वर, मातीच्या पातळ टोपणाखाली, सुट्या दारूचा छोटासा निष्कासन-भार. सी६-५ मोटरची मुख्य दारू पावणेदोन ते दोन सेकंदांत संपते. त्यानंतर पाच सेकंद रॉकेट आपल्या वेगाने वर सरकत राहते आणि मागे पांढऱ्या धुराची बारीक रेघ सोडते, म्हणजे जमिनीवरून ते दिसत राहते. मग निष्कासन-भार पेटतो, नळीत वायूचा दाब निर्माण होतो, नोज कोन सुटतो आणि त्याच्यामागून पॅराशूट बाहेर येते.

विलंब असा निवडायचा की रॉकेट शिखरावर, जवळपास थबकलेले असताना हे घडावे. विलंब कमी पडला तर रॉकेट जोरात वर जात असतानाच पॅराशूट उघडते, त्याच्या दोऱ्या तुटतात किंवा शॉक कॉर्ड, म्हणजे नोज कोन आणि नळी यांना जोडणारी दोरी, कागदी नळीला चेन उघडावी तशी उभी फाडत जाते. विलंब जास्त झाला तर रॉकेट नाक खाली करून वेगाने येत असते आणि पॅराशूट उघडले तरी झटका तसाच बसतो. पहिल्या उड्डाणासाठी संचावर सुचवलेल्यांपैकी सर्वांत लहान मोटर घ्यावी, ए८-३ किंवा बी६-४. दुकानात मुले सी कडे बोट दाखवतील, तरीही. लहान मोटरवर रॉकेट डोळ्यांसमोर राहते, आपल्या बांधणीतले गुणदोष दिसतात आणि परतीची पायपीट वाचते. शेवटी शून्य असलेल्या, उदाहरणार्थ सी६-० या मोटरमध्ये विलंबही नसतो आणि निष्कासन-भारही नसतो. ती बहुटप्पी रॉकेटच्या खालच्या टप्प्यासाठी असते आणि एकटप्पी रॉकेटमध्ये चुकूनही घालू नये.

मोटर घरात थंड, कोरड्या जागी ठेवाव्यात. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत त्या विसरल्या तर उष्णतेने दाबलेली दारू आणि कागदी कवच यांच्यात फट पडते, आणि अशी मोटर पेटवताच फुटू शकते. उन्हाने तापलेल्या किंवा उंचावरून पडलेल्या मोटर सरळ पाण्यात भिजत ठेवाव्यात, त्यांचा लगदा होतो आणि मग त्या कचऱ्यात टाकता येतात.

बांधणी

संच उघडल्यावर सगळे भाग टेबलावर मांडून सूचना एकदा शेवटपर्यंत वाचाव्यात. लागणारी हत्यारे थोडीच आहेत: धारदार पात्याचा कटर, स्टीलची पट्टी, पेन्सिल, मध्यम आणि बारीक पॉलिश पेपर, मास्किंग टेप आणि सुतारकामाचा पांढरा किंवा पिवळा गोंद. झटपट चिकटणारा सुपरग्लू मोह पाडतो, पण कागद आणि लाकूड यांच्या सांध्यात सुतारी गोंद तंतूंमध्ये मुरतो आणि वाळल्यावर कागद फाटेल पण सांधा सुटणार नाही इतका पक्का होतो.

सुरुवात मोटरच्या बैठकीपासून करायची. लहान नळीत पुढच्या बाजूला रेटा झेलणारी कडी, बाहेरून मोटर अडवून धरणारा स्टीलचा लवचिक हुक आणि बैठक मोठ्या नळीच्या मधोमध धरणाऱ्या दोन कड्या असा हा जोड असतो. ही बैठक मोठ्या नळीत सरकवताना अडचण येते ती हमखास एकाच ठिकाणी: नळीच्या आत गोंदाचे कडे दिल्यावर बैठक निम्मी आत गेली की कागद गोंदातले पाणी शोषून घेतो, गोंद पटकन धरतो आणि बैठक पुढेही सरकत नाही, मागेही येत नाही. त्यामुळे कुठवर ढकलायचे ती खूण बाहेरून आधीच करून ठेवावी आणि एका दमात, न थांबता बैठक जागेवर न्यावी. हुकचा वाकडा शेवट मोटरच्या बुडावर नीट बसतो का, हे रिकाम्या मोटरने तपासावे. मोटर घट्ट धरलेली नसेल तर निष्कासनाच्या वेळी दाब सोपा मार्ग पकडतो, मोटरच मागे फेकली जाते, पॅराशूट आत राहते आणि रॉकेट भाल्यासारखे जमिनीत घुसते.

फिनकडे मी सर्वांत जास्त वेळ देण्याचा आग्रह धरतो. बाल्साची पातळ फळी उजेडात धरली की तिच्यातल्या रेषा स्पष्ट दिसतात; फिनची पुढची कड या रेषांना समांतर असली पाहिजे. रेषा आडव्या गेल्या तर फिन बोटाने दाबताच बिस्किटासारखा मोडतो, मग हवेच्या दाबापुढे त्याचा काय टिकाव लागणार. लेसरने कापून आलेल्या फिनच्या कडा जळकट तपकिरी असतात. त्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने साफ कराव्यात, नाहीतर गोंद त्यांत मुरत नाही. सगळे फिन एकत्र चळत करून घासले म्हणजे तिन्ही एकसारखे होतात. नळीला चिकटणारी कड सपाट ठेवायची, पुढची कड गोलसर करायची आणि मागची उतरती.

नळीवर तीन समान खुणा करण्यासाठी कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळून तिच्या लांबीचे तीन भाग करावेत. खुणांपासून नळीच्या लांबीला समांतर सरळ रेषा काढायला दाराच्या चौकटीचा आतला कोपरा उत्तम: नळी कोपऱ्यात टेकवली की चौकटीची कड आपोआप पट्टीचे काम करते. मग फिनच्या कडेला गोंद लावून तो रेषेवर टेकवायचा, लगेच काढायचा, मिनिटभर चिकट होऊ द्यायचा आणि पुन्हा थोडा गोंद लावून कायमचा बसवायचा. या दुहेरी गोंदाच्या पद्धतीत फिन काही सेकंदांत धरतो आणि हातात धरून बसावे लागत नाही. तिन्ही बसले की रॉकेट मागच्या टोकाकडून एका डोळ्याने पाहावे: फिन नळीच्या केंद्रातून बाहेर निघाल्यासारखे, १२० अंशांवर आणि कुठेही पीळ नसलेले दिसले पाहिजेत. दुसऱ्या दिवशी प्रत्येक सांध्याच्या दोन्ही अंगांना गोंदाची बारीक धार सोडून ओल्या बोटाने एकाच सरळ ओढीत ती अंतर्वक्र करावी आणि रॉकेट आडवे ठेवून वाळू द्यावे. उतरताना जमिनीला पहिल्यांदा टेकतो तो बहुधा एखादा फिनच, आणि हा भराव असला तर तो टिकतो.

लाँच लग, म्हणजे उड्डाणाच्या वेळी रॉकेट सरळ ठेवणाऱ्या गजावरून (लाँच रॉडवरून) सरकणारी छोटी नळी, दोन फिनांच्या मधोमध आणि नळीला अगदी समांतर चिकटवावी.

आता शॉक कॉर्ड. नोज कोन आणि नळी यांना बांधून ठेवणारी ही दोरी संचात बहुतेक वेळा तोकडी असते. निष्कासनाच्या धक्क्याने नोज कोन पुढे झेपावतो, तोकडी रबरी दोरी ताणून त्याला परत ओढते आणि तो नळीच्या तोंडावर आपटून कागद चेचतो. दोरीची लांबी नळीच्या निदान दुप्पट-तिप्पट असावी असे माझे मत आहे, आणि शिवणकामाचे सपाट इलॅस्टिक वापरून ती सहज वाढवता येते. दोरीचे टोक कागदाच्या तीन घड्यांत गोंदाने बसवून ती घडी नळीच्या आत चिकटवतात. ती तोंडापासून इतकी आत हवी की नोज कोनचा खालचा भाग तिला अडखळणार नाही. घडी वाळेपर्यंत बोटाने दाबून धरावी आणि तिच्या कडा सपाट कराव्यात, कारण पॅराशूट अडकायला कागदाचा एक उचललेला कोपराही पुरतो.

नोज कोनचा बसण्याचा ताण असा हवा की रॉकेट नोज कोनला धरून उचलले तर नळी गळून पडू नये, पण हलके हिसडले तर सुटावी. सैल असेल तर नळीत जाणाऱ्या त्याच्या खांद्यावर मास्किंग टेपचा एखादा वेढा द्यावा, घट्ट असेल तर पॉलिश पेपर फिरवावा. रंग देताना खांद्यावर रंग जाऊ देऊ नये. रंग कोणता, हा हौसेचा प्रश्न वाटतो, पण रॉकेट गवतात शोधताना त्याचे उत्तर मिळते: चमकता नारिंगी किंवा गुलाबी रंग हिरव्या आणि वाळक्या दोन्ही गवतांत उठून दिसतो, तर पांढरे रॉकेट ढगात हरवते आणि हिरवे शेतात.

स्थैर्याची परीक्षा

रॉकेट सरळ जाण्यासाठी त्याचा गुरुत्वमध्य दाबमध्याच्या पुढे, नाकाच्या बाजूला, किमान नळीच्या एका व्यासाएवढ्या अंतरावर असावा लागतो. दाबमध्य म्हणजे हवेचा सगळा आडवा दाब जिथे एकवटला आहे असे मानता येते तो बिंदू, आणि फिन मोठे केले की तो मागे जातो. तो आकडेमोडीने काढण्याची सुटसुटीत पद्धत जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये छंदी मंडळींपुढे मांडली. आज ओपनरॉकेट हे मोफत सॉफ्टवेअर मापे भरताच दोन्ही बिंदू दाखवते. संचातली रॉकेट मुळात स्थिर असतात, परंतु शिफारशीपेक्षा जड मोटर घातली, मागे जाड रंग चढवला किंवा फिनचा आकार बदलला तर ही खात्री संपते.

घरच्या घरी करता येणारी परीक्षा अशी. उड्डाणाच्या तयारीतले, म्हणजे मोटर आणि घडी केलेले पॅराशूट आत असलेले, पण इग्नायटर, म्हणजे मोटर पेटवणारी विजेची तार, न लावलेले रॉकेट दोरीला टांगून जिथे समतोल राहते तिथे दोरी टेपने पक्की करावी. मग मोकळ्या जागेत ते दोन-अडीच मीटर दोरीने डोक्याभोवती फिरवावे. नाक पुढे ठेवून फिरले तर स्थिर. आडवे किंवा उलटे फिरू लागले तर नोज कोनमध्ये थोडी मॉडेलिंग क्ले भरून पुन्हा पाहावे. अस्थिर रॉकेट उडवू नये, कारण ते कुठे जाईल हे कोणालाच सांगता येत नाही.

पॅराशूट

मोठे पॅराशूट म्हणजे अधिक सुरक्षित, हा समज खोटा ठरतो तो वाऱ्यामुळे. मोटर जळून गेल्यावर ५० ग्रॅम वजनाचे रॉकेट ३० सेंटिमीटर व्यासाच्या पॅराशूटखाली सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने उतरते आणि हा वेग गवतावर उतरायला योग्य आहे. दीडशे मीटर उंचीवरून उतरायला त्याला साधारण ३७ सेकंद लागतील, आणि सेकंदाला ३ मीटर म्हणजे अगदी मंद वारा असला तरी तेवढ्यात ते सुमारे ११० मीटर दूर जाईल. तेच रॉकेट ४५ सेंटिमीटरच्या पॅराशूटखाली उतरले तर पावणेदोनशे मीटरच्या आसपास वाहत जाईल. म्हणूनच जाणती मंडळी मैदान लहान असेल तर पॅराशूटच्या मध्यभागी वाटीएवढे भोक पाडतात. त्यातून हवा निसटते, रॉकेट थोडे वेगाने उतरते आणि लंबकासारखे झोके घेत नाही. हलक्या रॉकेटला तर पॅराशूटऐवजी चमकदार कागदाची किंवा प्लॅस्टिकची लांब फीत पुरते.

पॅराशूट भरण्याचे काम मैदानावर, उड्डाणाच्या अगदी आधी करावे. आदल्या रात्री घडी करून ठेवलेले प्लॅस्टिक, विशेषतः थंडीत, तशाच घडीत राहते. आधी नळीत वॅडिंगचे, म्हणजे पॅराशूटला गरम वायूपासून वाचवणारे, न जळणारे तीन-चार कागद सैलसर चुरगाळून ढकलावेत. ते नळीची पूर्ण रुंदी भरतील असे असावेत, दाबून बूच बसवू नये. टॉयलेट पेपर किंवा टिश्यू पेपर वापरू नये, तो पेटता बाहेर पडतो आणि वाळल्या गवताला आग लावतो. मग पॅराशूट मध्यावर धरून दोऱ्या सरळ ओढाव्यात, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी, कापड दोनदा दुमडून गुंडाळी करावी आणि दोऱ्या सैल दोन-तीन वेढ्यांत भोवती घ्याव्यात. गुंडाळी नळीत आपल्या वजनाने सरकली पाहिजे. बोटाने ठासावी लागत असेल तर ती बाहेर काढून पुन्हा करावी.

मैदान आणि उड्डाण

अमेरिकेतली नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री ही १९५७ पासूनची संस्था आहे आणि तिची सुरक्षा-संहिता म्हणजे या छंदाचा कायदाच समजावा. तिच्यानुसार मैदानाची लहानातली लहान बाजू ए मोटरसाठी १०० फूट, बी साठी २००, सी साठी ४०० आणि डी साठी ५०० फूट हवी. हे किमान आकडे आहेत. वर काढलेले ११० मीटरचे अंतर म्हणजे ३६० फूट, तेव्हा चारशे फुटांच्या मैदानाच्या मधोमध उभे राहून सी मोटर उडवली तर मंद वाऱ्यातही रॉकेट कुंपणापलीकडे जाईल. वाऱ्याचा वेग ताशी २० मैलांच्या वर असेल तर उडवायचे नाही, ढगांत आणि विमानांच्या दिशेने उडवायचे नाही आणि उड्डाणाच्या पॅडभोवतीचे वाळके गवत काढून टाकायचे. दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या आणि १२५ ग्रॅमपर्यंत इंधनाच्या रॉकेटला संघीय विमान वाहतूक प्रशासनाची आगाऊ परवानगी लागत नाही, पण जागेच्या मालकाची लागतेच, आणि काही राज्यांत अग्निशमन खात्याचेही नियम असतात. ते आधी विचारून घ्यावेत. नवख्या कुटुंबाने पहिले उड्डाण एखाद्या क्लबच्या मैदानावर करावे असे मी आवर्जून सुचवीन.

लाँच रॉड हा साधारण तीन फूट लांबीचा पोलादी गज असतो. त्याचे टोक डोळ्यात जाऊ नये म्हणून ते डोळ्यांच्या पातळीच्या वर ठेवावे किंवा त्यावर टोपण घालावे, आणि कलायचे झाल्यास उभ्या रेषेपासून ३० अंशांच्या आतच कलावे, तेही माणसांच्या विरुद्ध बाजूला. रॉकेट वर जाताना स्वभावतः वाऱ्याच्या तोंडाकडे वळते आणि उतरताना वाऱ्याबरोबर मागे येते, त्यामुळे हलक्या वाऱ्यात रॉड उभाच ठेवला तर बहुतेकदा दोन्ही हालचाली एकमेकींची भरपाई करतात.

इग्नायटर नॉझलमध्ये पूर्ण आत, दारूला टेकेपर्यंत सरकवून प्लॅस्टिकच्या खुंटीने पक्का करावा. त्याच्या दोन तारांना जोडलेले चिमटे एकमेकांना किंवा खालच्या लोखंडी तबकडीला टेकता कामा नयेत. हे करताना कंट्रोलरची, म्हणजे दुरून वीज सोडणाऱ्या बटणाच्या पेटीची, सुरक्षा-किल्ली उडवणाऱ्याच्या खिशात असावी. कंट्रोलर एकाच्या हातात आणि किल्ली दुसऱ्याच्या, असे कधीच करू नये. डी पर्यंतच्या मोटरसाठी १५ फूट आणि त्याहून मोठ्या मोटरसाठी ३० फूट दूर उभे राहायचे, किल्ली घालून दिवा लागतो का पाहायचे, सर्वांना ऐकू जाईल असे पाचपासून उलटे मोजायचे आणि बटण दाबून धरायचे.

रॉकेट हलले नाही तर किल्ली काढून पूर्ण ६० सेकंद कोणीही जवळ जायचे नाही. कारण बहुधा साधे असते: इग्नायटर दारूपर्यंत पोहोचलेला नसतो किंवा चिमट्यांवर काजळी साचलेली असते. चिमटे पॉलिश पेपरने घासले की काम होते.

शोध

पॅराशूट उघडल्याबरोबर टाळ्या पडतात आणि सगळ्यांच्या नजरा एकमेकांकडे वळतात. नेमके तेव्हाच रॉकेट हरवते. दोन जणांना आधीच पन्नास-साठ पावलांच्या अंतरावर उभे करून त्यांना एकच काम द्यावे, रॉकेट जमिनीला टेकेपर्यंत त्यावरून नजर न काढण्याचे. ते गवतामागे दिसेनासे झाले की जागेवरून न हलता त्या रेषेत दूरवरची एखादी ठळक खूण, झाड, विजेचा खांब, छपराचे टोक, पकडावी. दोघांनी आपापल्या खुणेकडे सरळ चालत जावे. दोन वाटा जिथे छेदतील तिथेच आसपास रॉकेट असते. एकट्याने शोधायचे असल्यास फोनमधल्या होकायंत्रावर दिशा टिपून घ्यावी, कारण चार पावले चालताच डोळ्यांना सगळे गवत सारखे दिसू लागते. अंतर नेहमी वाटते त्याहून जास्त असते, त्यामुळे शोध अंदाजापेक्षा पुढे जाऊन मग मागे घ्यावा. मक्याच्या शेतात रॉकेट पडले तर मालकाला विचारल्याशिवाय आत शिरू नये, आणि शिरल्यावर कडेपासून ओळी मोजत जावे. उंच मक्यात दिशा राखण्याचा दुसरा उपाय नाही.

खाली येणारे रॉकेट झेलायला मुले धावतात, त्यांना उड्डाणापूर्वीच बजावावे. उंच झाडावर अडकलेले रॉकेट वाऱ्याने एखाद-दोन दिवसांत खाली येण्याची शक्यता असते, त्यासाठी फांद्यांवर चढू नये. विजेच्या तारांवर अडकले तर काठी लावायची नाही, दोरी टाकायची नाही. वीज कंपनीला कळवायचे आणि रॉकेटचा नाद सोडून द्यायचा.

रॉकेट हाती आले की मोटरचे कवच गरम असते हे लक्षात ठेवून थोडे थांबून ते काढावे. मग शॉक कॉर्ड नळीच्या तोंडापासून बोटांत धरून खालपर्यंत चाचपावी. वॅडिंग कमी पडली असेल तर ती एखाद्या जागी करपून कडक झालेली लागते, आणि अशी दोरी त्याच दिवशी बदलावी. फिन हलके दाबून पाहावेत, नळीच्या तोंडाला चिरटा गेलेला असेल तर पातळ सुपरग्लूचा थेंब त्यात मुरवावा. सुपरग्लूची खरी जागा ही.

शेवटी नोंद. तारीख, वारा, मोटर आणि पॅराशूटचा व्यास लिहावा. उंची मोजायची असेल तर पॅडपासून १०० मीटरवर उभ्या असलेल्या व्यक्तीने कोनमापक आणि ओळंबा लावून शिखराचा कोन पाहावा. ४५ अंश आले तर उंची १०० मीटर, ६० अंश आले तर १७३ मीटर, अर्थात रॉकेट सरळ वर गेले असे धरून. पण त्याहून उपयोगी नोंद म्हणजे पॅराशूट उघडले त्या क्षणी रॉकेट काय करत होते. ते अजून वर चढत असेल तर पुढच्या वेळी त्याच मोटरचा जास्त विलंबाचा प्रकार घ्यावा, बी६-४ ऐवजी बी६-६. नाक वळवून खाली येऊ लागले असेल तर कमी विलंबाचा, बी६-२. आणि आडवे होऊन क्षणभर थांबल्यासारखे दिसले असेल तर तोच विलंब कायम ठेवून फक्त वॅडिंग नवी भरावी.